नागपूर : ॲपवरून बोलावलेली गाडी, तुमचे अनुभव

गेल्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आईला डायलिसिससाठी मनीषनगरहून मेडिकल रुग्णालयात न्यायचं होतं. चालकाने बुकिंग घेतलं आणि लगेच फोन केला, "कुठे जायचं? कॅश की ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटलं तर गाडी नकाशावर जागची हलेना. कॅन्सल मी करावं म्हणून तो वाट बघत होता. अशा तीन गाड्या झाल्या. आई फाटकाशी खुर्चीवर बसलेली, पदर डोक्यावर. शेवटी चौकातून ऑटो आणला. तिची डायलिसिसची वेळ थोडक्यात वाचली. तुमच्यावर काय वेळ आली ते लिहा. चालकांनीही लिहावं.

रेल्वे स्टेशन, रात्री पावणेबारा. ॲपवर 180 रुपये, उतरताना 260 मागितले. कडेवर झोपलेलं लेकरू होतं. दिले.

हिंगणा टी-पॉइंट. बाइक टॅक्सीने बर्डीला आले. दोन दिवसांनी त्याच चालकाचा मेसेज, "घरी नीट पोचल्या होत्या ना?" पैसे यूपीआयने दिले होते, नंबर तिथूनच गेला असणार. तक्रारीला छापील उत्तर आलं. तेव्हापासून रोख देते, आणि बहीण घरून लोकेशन बघत बसते.

बेसा, चालक. सहा वर्षांपासून गाडी चालवून राहिलो. सवारी घ्यायला तीन किलोमीटर जा, त्याचे पैसे नाही. कामठीला सोडलं का परतीची सवारी नाही. ऑनलाइनचे पैसे कमिशन कापून मागून येतात, गाडीचा हप्ता थांबत नाही. म्हणून विचारतो, ताई. पण डायलिसिसला जायचं म्हटलं असतं तर मी आलो असतो.

मनीषनगर. भाऊ, तुमचं पटतं. पण सोबत पेशंट आहे हे मी सांगितलं होतं, तरी गाडी हलली नाही. सबळ कारणाशिवाय चालकाने रद्द केलं तर भाड्याच्या 10 टक्के, कमाल 100 रुपये दंड, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 2020 पासून आहे. म्हणूनच तो स्वतः बटण दाबत नाही. उभ्या राहिलेल्या गाडीला दंड कोण लावणार?

धंतोली. माझा साधा फोन. मुलगा पुण्याहून गाडी बुक करतो, चालक फोन त्याला लावतो. मी दवाखान्यासमोर उभा. परवा गाडी येऊन गेली, मला कळलंच नाही.