दोहा येथील ८० मिनिटे : सोलापूरहून येणाऱ्या आई-वडिलांच्या प्रवासाबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे आई-वडील जुळे सोलापूर येथे राहतात. वडील ७४ वर्षांचे व आई ७० वर्षांची असून दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आमच्याकडे अमेरिकेत इंडियानापोलिसला येणार आहेत. मुंबई–दोहा–शिकागो–इंडियानापोलिस असे एकाच पीएनआरचे तिकीट मिळत असून ते शुक्रवारपर्यंत राखून ठेवले आहे. मुंबईचे विमान पहाटे ४ वाजता आहे. दोहा येथे मधला वेळ ८० मिनिटांचा आणि शिकागो येथे २ तास १० मिनिटांचा आहे. सोलापूरहून दुपारी दोन वाजता भाड्याच्या मोटारीने निघून रात्री अकराच्या सुमारास मुंबई विमानतळावर पोहोचावे, असा वडिलांचा विचार आहे. दोघांना भरभर चालता येत नाही, म्हणून व्हीलचेअर मागण्याचे मनात आहे. ८० मिनिटांत त्यांचे विमान बदलून होईल का, आणि तिकीट घ्यावे की सोडावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
इंडियानापोलिस येथील एक सभासद

———

सप्रेम नमस्कार.

आपण दोन कनेक्शनांचा विचार केला आहे, परंतु मला या प्रवासात तीन दिसतात, आणि त्यांतील सर्वांत धोक्याचे सोलापूर आणि मुंबई यांच्यामध्ये आहे. दोहा येथे पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे सुटले, तरी तिकीट एकच असल्यामुळे पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. मोटार घाटात अडकली आणि काउंटर बंद झाला, तर मात्र कोणाचीच जबाबदारी राहत नाही. तिकीट वाया जाण्याची किंवा ऐन वेळचे महाग तिकीट काढण्याची पाळी येते. माझ्या स्वतःच्या आई-वडिलांची मोटार एका पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात चार तास उभी होती. काउंटर बंद होण्यास दहा मिनिटे उरली असताना ते पोहोचले, आणि त्या चार तासांत इकडे आमची जी अवस्था झाली ती मी विसरू शकत नाही. आपला प्रवास जुलैत, म्हणजे भर पावसाळ्यात आहे. शिवाय दुपारी दोनला निघालेली मोटार संध्याकाळच्या गर्दीतच पुण्याजवळ पोहोचते.

यावर माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की त्यांनी सकाळच्या वंदे भारतने निघावे. ती सोलापूरहून सहाच्या सुमारास सुटते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार आधी पाहून घ्यावा. त्या गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी हाती निम्मा दिवस राहतो, आणि अंधेरी परिसरात एखादी खोली घेऊन दोघांना रात्री अकरापर्यंत आडवे होता येते. ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर–मुंबई विमानही सुरू झाले आहे, परंतु ते तिकीट वेगळे निघत असेल तर त्या विमानाच्या उशिराची भरपाई पुढची कंपनी करीत नाही, आणि देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा सहसा १५ किलोची असताना अमेरिकेसाठी प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा भरलेल्या असतात. ज्यांना मुंबईचीच दगदग नको असते, असे सोलापूरचे पुष्कळ लोक हैदराबादहून निघतात. अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि वाटेत घाट लागत नाही.

आता दोह्याविषयी. प्रत्येक विमानतळाचा एक किमान कनेक्शन वेळ ठरलेला असतो आणि त्याहून कमी वेळाचे कनेक्शन कंपनी एकाच तिकिटावर विकत नाही. म्हणून ८० मिनिटे अशक्य नाहीत. तथापि विमान सुटण्याच्या साधारण २० मिनिटे आधी गेट बंद होते, उतरण्यात १५ ते २० मिनिटे जातात आणि तेथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते. हे वजा केल्यावर हाती उरतात ४० मिनिटे, आणि तीही विमान वेळेवर पोहोचले तर. मी स्वतः एकटा असेन तर हे तिकीट निःशंक घेईन. प्रथमच प्रवास करणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी घेणार नाही. त्याच कंपनीचे तीन-चार तासांच्या अंतराचे विमान मागावे.

शिकागोबद्दल तर मला दोह्यापेक्षाही अधिक काळजी वाटते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होते, सर्व बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टममधून न्याव्या लागतात, पुन्हा जमा कराव्या लागतात, नंतर दुसऱ्या टर्मिनलला जाऊन पुन्हा सुरक्षा तपासणी होते. सकाळी बॅगेवर इंडियानापोलिसचा टॅग लावलेला असला तरी यातून सुटका नसते, ही गोष्ट प्रथमच येणाऱ्यांना खरी वाटत नाही. माझी सूचना अशी की तिकीट शिकागोपर्यंतचेच काढावे आणि आपण मोटारीने घ्यायला यावे. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे सोलापूर–पुण्याहून थोडेसेच जास्त आहे. मात्र इंडियानापोलिसपर्यंतचे तिकीट काढून शेवटचा टप्पा सोडून देण्याचा विचार कृपया करू नये. एक टप्पा न वापरल्यास पुढचे सर्व टप्पे, परतीच्या तिकिटासह, रद्द होतात.

आपला,
शिकागो येथील एक सभासद, मूळ सोलापूर, रेल्वे लाइन्स

———

आदरणीय सभासदांस सोलापूरहून नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक असून विजापूर रोडला राहतो. मुलगी तिकडे असल्यामुळे आपली पत्रे मला येतात. वरील पत्रात व्हीलचेअरचा विषय राहून गेला आहे, आणि आमचे विमान चुकले ते नेमके त्यामुळे, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हीलचेअर असली की सर्व कामे लवकर होतात, अशी आमची समजूत होती. तपासणीच्या रांगेत ते खरेही आहे. परंतु विमानातून व्हीलचेअरच्या प्रवाशांना सर्वांत शेवटी उतरवतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. मधला वेळ ७५ मिनिटांचा होता. सर्व प्रवासी उतरून गेल्यावर आम्ही आणखी २० मिनिटे दाराशी बसून राहिलो, मग एक मदतनीस आला, त्याने आम्हांला एका कक्षात नेऊन बसवले, आणि तेथून पुढे नेणारा दुसरा माणूस यायला पुन्हा वेळ गेला. गेटवर पोहोचलो तेव्हा विमानाचे दार लागलेले होते. तिकीट एकच असल्यामुळे कंपनीने हॉटेल आणि जेवण दिले व दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवले, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र बॅगा हाती मिळाल्या नाहीत आणि सौ.च्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. ती रात्र आम्ही जी काढली, ती आमची आम्हांला माहीत. निदान चार दिवस पुरतील एवढी औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असावी, हे आई-वडिलांना दोनदा बजावून सांगावे. म्हणून व्हीलचेअर अवश्य मागावी, निदान ४८ तास आधी कळवावी, परंतु मधला वेळ तीन तासांहून कमी ठेवू नये.

मनगटावरच्या घड्याळाबद्दलही लिहितो. दोह्याची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. चारला निघालेले विमान उतरेल तेव्हा वडिलांच्या घड्याळात साडेसात वाजलेले असतील आणि तिकिटावर मात्र पाचची वेळ छापलेली असेल. आपले पुढचे विमान गेले, असे वाटून माणूस घाबरतो, आणि घाबरला की कोणाच्याही मागे चालू लागतो. तिकिटावरच्या सर्व वेळा त्या त्या गावच्या असतात, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे. त्याच कागदावर दोन ओळी इंग्रजीतही असाव्यात : आम्हांला या विमानाने पुढे जायचे आहे, कृपया गेट दाखवा. दोह्याच्या विमानतळाच्या मध्यभागी दिव्याखाली बसलेले एक प्रचंड पिवळे अस्वल आहे. चुकामूक झाल्यास दोघांनी त्यापाशीच थांबावे, असे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनाच सांगावी लागते. शेंगा चटणी हातातल्या पिशवीत नेऊ नये. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत जून २०१८ पासून ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर तिची वेगळी तपासणी होते, आणि वेळ कमी असताना पिशवी उघडून चटणीची पाकिटे एकेक दाखवीत बसणे परवडणारे नाही. चटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत भरावी, आणि उतरल्यावर कस्टमला खाण्याचे पदार्थ आहेत असे स्पष्ट सांगावे.

आपला स्नेहाकांक्षी,
विजापूर रोड, सोलापूर

———

सप्रेम नमस्कार.

आपण दोघांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री वडिलांशी फोनवर बोलून गुरुजींचे पत्र त्यांना वाचून दाखवले. दुपारी मोटारीने निघण्याचा आग्रह त्यांनी सोडला आहे. वंदे भारतने जाऊन अंधेरीला आईच्या मावसबहिणीकडे ते विश्रांती घेतील. ८० मिनिटांचे तिकीट मी सोडून दिले. त्याच कंपनीचे दुसऱ्या दिवशीचे, दोहा येथे ४ तास १० मिनिटे असलेले तिकीट शिकागोपर्यंत काढले आहे. भाडे थोडे जास्त पडले. व्हीलचेअरची नोंद झाली असून मुंबईच्या काउंटरवर दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागून घेण्यास आणि बॅगेच्या टॅगवर शिकागोची ओआरडी ही अक्षरे पाहून घेण्यास वडिलांना सांगितले आहे. कागद आज लिहायला घेते.

आपल्यापैकी कोणी किंवा कोणाचे आई-वडील जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून दोहामार्गे शिकागोला येणार असतील, तर कृपया मला कळवावे. निघण्यापूर्वी दोन्ही घरच्या मंडळींची फोनवर ओळख करून देता येईल.

आपली,
इंडियानापोलिस येथील सभासद