बहिणीला स्किझोफ्रेनिया, भाचा वर्गात मागे पडतोय. संबंध असतो का?

ऐरोलीची मावशी:
माझ्या ताईला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत, सध्या बरीच बरी आहे. तिचा मुलगा दुसरीत. गोष्ट एकदा ऐकली की हावभावासकट सांगतो पण फळ्यावरचं उतरवून घ्यायला खूप वेळ लावतो आणि दोन-तीन कामं एकदम सांगितली की शेवटचंच लक्षात राहतं. सासरचे म्हणतात आईवर गेलाय, आता हा पण तसाच होणार. ताई ऐकून रडत बसते. खरंच असं असतं का?

कोपरी_टीचर:
संबंध असू शकतो, पण ते म्हणतायत तसा नाही. डेन्मार्कमधे ५२२ मुलं ७ वर्षांची असताना तपासली होती, काहींच्या आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया, काहींच्या बायपोलर (मूड खूप टोकाला वर-खाली होण्याचा आजार), बाकीच्यांच्या घरी दोन्ही नाही. स्किझोफ्रेनियावाल्या गटात कामाचा वेग आणि वर्किंग मेमरी म्हणजे ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं, हे सरासरीने कमी निघालं, तुम्ही सांगताय साधारण तेच. बायपोलरवाल्या गटातली मुलं मात्र इतरांच्या जवळपास होती. आणि ११ व्या वर्षी परत बघितलं तर फरक वाढत गेला नव्हता. शिवाय हे सगळं सरासरीचं बोलणं, त्या गटातली कितीतरी मुलं वयाप्रमाणे नीट होती, त्यामुळे एकट्या भाच्याबद्दल यावरून काहीच ठरवू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून टेस्टिंग.

कळवा_नाका:
माझ्या वडिलांना हाच आजार होता. आई-वडिलांपैकी एकाला असला तर मुलांमधे १०० पैकी साधारण १० जणांना होतो, म्हणजे ९० जणांना होत नाही, हे सासरच्यांना स्पष्ट सांगा. आणि ताईंना अजिबात दोष लावून घेऊ देऊ नका, मला लहानपणी आजारापेक्षा घरातली कुजबुज जास्त लागायची. पोराला त्याच्या भाषेत सांगा की आईला आजार आहे आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. ताईंना बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ऐरोलीची मावशी:
खूप आभार दोघांचे. शाळेत ताईच्या आजाराचं सांगावं लागेल का?

कोपरी_टीचर:
नाही, ते ताईंनी ठरवायचं. बाईंना एवढंच सांगा की याला एका वेळी एकच सूचना द्या, पुढच्या बाकावर बसवा आणि फळ्यावरचं उतरवायला थोडा जास्त वेळ द्या.