पाइपलाइनसाठी फोडलेला कोबा परत नीट कसा भरायचा?

वाईकर:
घर जुनं आहे, स्वयंपाकघरात लाल कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन), आजोबांच्या वेळचा, अजून गुळगुळीत आहे. खालची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप गंजून गळायला लागली म्हणून मोरीपासून मागच्या दारापर्यंत फूटभर रुंद चर फोडून सीपीव्हीसी (प्लास्टिकची) पाइप टाकली. प्लंबरने निघालेली माती आणि कोब्याचे तुकडे तसेच आत ढकलले, वरून इंचभर माल थापला आणि गेला. आता तो पट्टा खचलाय, कडेला भेगा पडल्यात, आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि तिचा पाय तिथेच अडखळतो. गवंडी म्हणतो सगळीकडे टाइल्स टाका. मला कोबाच ठेवायचाय, तेवढा पट्टा नीट होईल का?

साइटवाला:
होईल की. भराव तसाच ठेवून टाइल्स टाकल्या तर त्याही खचणारच, दोष खालचा आहे. चर पाइपपर्यंत परत उकरा, शेवटचा भाग हातानेच. पाइपखाली-वर चाळलेली वाळू, कुठेही दगड टोचता कामा नये. त्यावर मुरूम, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचं. काळी माती अजिबात नको, ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. मग तीन-चार इंच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट), 1:4:8 (सिमेंट:वाळू:खडी) चालेल, आणि वर दीड इंच कोबा 1:2:4 चा, बारीक खडी घालून. आणि हो, जुन्या कोब्याच्या कडा ग्राइंडरने सरळ कापून घ्या, वेड्यावाकड्या कडेला माल पातळ होतो आणि तिथूनच टवके निघतात. कापलेली कड ब्रशने घासायची, ओली करायची, सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं सिमेंट) लावायची आणि ती ओली असतानाच माल भरायचा. स्लरी वाळली तर उलट जोड सुटतो.

सांगलीची_ताई:
दादा, भरायच्या आधी पाइपला पंप लावून प्रेशर टेस्ट घ्याच, आणि उघड्या चराचे टेप ठेवून फोटो काढा, भिंतीपासून किती इंचावर लाइन आहे ते नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्याकडे प्लंबरने कोब्याखाली जॉइंट ठेवला होता, आम्ही तो बाहेर काढायला लावला.

वाईकर:
खूप मदत झाली दोघांची. चराच्या बाजूचा जुना कोबा वरून चांगला दिसतो, तोही काढू का? आणि लाल रंग जुळेल?

साइटवाला:
हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठेवा, पोकळ बद्द आवाज आला तर तेवढा भाग कापून पट्ट्यातच घ्या, कारण चर खचताना बाजूची मातीही सरकलेली असते. रंग तंतोतंत जुळणार नाही हे आत्ताच सांगतो. ऑक्साइड (लाल रंगाची पूड) सिमेंटमध्ये कोरडंच मिसळा, छोटा नमुना करून पूर्ण वाळू द्या आणि मग प्रमाण ठरवा, ओला असताना रंग गडद दिसतो. घोटताना वर पाणी सुटलं तर गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरतात, ते करू देऊ नका, वरचा पापुद्रा निघतो. पाणी आपोआप जिरू द्या, मग घोटायचं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान 10 दिवस गोणपाट ओलं ठेवा. तोवर आईंना त्या बाजूने जाऊ देऊ नका, ओल्या गोणपाटावरून पाय घसरतो.