ड्रायव्हर लोड केला की मशीन गोठतं, लॉगमध्ये काहीच सापडत नाही

प्रश्न:
एका पीसीआयई कार्डसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. टेस्ट प्रोग्रॅम एकच चालवला तर दिवसभर काही होत नाही, पण चार प्रोसेस एकदम लिहायला लागल्या की कधी दहा मिनिटांत, कधी तीन तासांत अख्खं मशीन हँग. कर्सर जागच्या जागी, कॅप्स लॉकचा दिवापण लागत नाही, पॉवर बटण दाबून धरायचं एवढाच इलाज. रीबूट करून जर्नल (सिस्टीमचा लॉग) बघावं तर हँगच्या वेळचं अक्षरही नाही. जागोजागी प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये मेसेज छापणारं फंक्शन) टाकले तर हँग व्हायचंच कमी झालं, आता शोधू तरी कुठे? आठवडा गेलाय यात. रायट फंक्शनमध्ये रिंग बफरसाठी (गोल फिरत वापरायची डेटाची रांग) स्पिन_लॉक घेतो, म्हणजे मिळेपर्यंत सीपीयू जागीच फिरत राहतो असं लॉक; इंटरप्ट हँडलरमध्येही (कार्डने हाक मारली की हातातलं काम थांबवून चालणारा कोड) तेच लॉक आहे.

उत्तर १:
जर्नलचा नाद सोडा, डिस्कवर लिहायला मशीन जिवंत असावं लागतं. दुसऱ्या मशीनला सिरियल केबल जोडा, कन्सोल तिकडे वळवा आणि बूट करताना एनएमआय_वॉचडॉग=पॅनिक द्या. एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) बाकीचे इंटरप्ट बंद असतानाही पोचतो, त्यामुळे एखादा सीपीयू साधारण 10 सेकंद अडकला की कर्नल पॅनिक करून (स्वतःहून थांबून) स्टॅक, म्हणजे तेव्हा कुठली फंक्शन्स चालू होती ती यादी, छापतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे बऱ्याचदा चालत नाही, खऱ्या हार्डवेअरवरच करा.

उत्तर २:
वरचं कराच, पण मला प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतच गडबड वाटते. रायटने लॉक घेतलंय आणि तेवढ्यात त्याच सीपीयूवर कार्डचा इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत बसणार, आणि लॉक ज्याच्याकडे आहे तो हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही. तो सीपीयू कायमचा गेला, मग बाकीचे त्याच्या उत्तराची वाट बघत एकेक अडकत जातात. प्रिंटकेने फक्त टायमिंग बदललं, बग आहे तिथेच आहे.

कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग चालू करून कर्नल बिल्ड करा. त्याने लॉकडेप (कर्नलमधला लॉक तपासणारा भाग) चालू होतो. लॉकडेपला प्रत्यक्ष हँग व्हायची गरजच नसते, रायट आणि हँडलर हे दोन्ही रस्ते वेगवेगळ्या वेळी एकेकदा चालले तरी तो पकडतो. फक्त पहिल्या रिपोर्टनंतर तो स्वतःच बंद होतो, म्हणून प्रत्येक फिक्सनंतर रीबूट करा.

प्रश्नकर्ता:
मॉड्यूल लोड करून एकदा लिहिलं आणि मिनिटभरात 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' आलं! खाली सीपीयू0 लिहून लॉक, मग इंटरप्ट, मग परत तेच लॉक, आणि शेवटी तीन-तीन चांदण्यांमध्ये डेडलॉक. अगदी तुम्ही सांगितलं तेच. रायटमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (लॉक असेपर्यंत त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद ठेवणारं) केलं आणि रीबूट केलं, पण आता 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' येतंय, ओळ कॉपी_फ्रॉम_यूझरची.

उत्तर २:
म्हणजे लॉक धरूनच यूझरचा डेटा कॉपी करताय. ते पान मेमरीत नसलं तर पेज फॉल्ट होतो आणि कर्नलला झोपावं लागतं, स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. आधी वेगळ्या बफरमध्ये कॉपी करून घ्या, मग लॉक घेऊन फक्त रिंगचा इंडेक्स आणि डिस्क्रिप्टर (रिंगमधली नोंद) बदला, लगेच सोडा.

उत्तर १:
आणि स्टेटस बिटची वाट बघणारा व्हाइल लूप कुठे असेल तर त्याला टाइमआउट द्या. कार्ड बसवरून गायब झालं की रीडएलमधून (कार्डचं रजिस्टर वाचणारं फंक्शन) सगळे बिट 1 येतात, बिझी बिट कधीच उतरत नाही आणि परत असाच हँग. रीडएल_पोल_टाइमआउट त्यासाठीच आहे.

प्रश्नकर्ता:
असे दोन लूप निघाले, दोन्ही बदलले. कॉपी लॉकच्या बाहेर काढली. काल रात्रीपासून आठ प्रोसेस चालू आहेत, कन्सोलवर एकही वॉर्निंग नाही. दोघांचेही मनापासून आभार.