डफ, तबला आणि १.५९

रेझोनन्स ट्यूबचा (नळीतल्या हवेच्या घुमण्यावरून ध्वनीचा वेग मोजण्याचा) प्रयोग मुलं उत्तर आधी ठरवून करतात, ही तक्रार अगदी खरी. ५१२ हर्ट्झचा नादकाटा, नळीत वर १६ सेंटिमीटरच्या आसपास हवा राहील असं पाणी थांबवलं की झालं! (आम्हीही तेच केलं.)

म्हणून मी वर्गात डफ आणि तबला नेतो. मोबाईलवर स्पेक्ट्रम (आवाजात कोणकोणते स्वर मिसळलेत ते) दाखवणारं अ‍ॅप पुरतं. ताणलेल्या साध्या पडद्याचे वरचे स्वर गणिताने मूळ स्वराच्या १.५९, २.१४ पट येतात. डफावर आकडे थोडे हलतात, पण वेडेवाकडेच राहतात. तबल्यावर मात्र शाईच्या (मधल्या काळ्या गोल लेपाच्या) वजनामुळे ते जवळपास दुप्पट, तिप्पट असे ओळीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्येच यावर लिहिलंय. शाईवर कणकेची छोटी गोळी चिकटवली की स्वर उतरतो. तबलेवाला विद्यार्थी तेव्हा जाम कळवळतो.