चॅटरला 'कंपन' म्हणायचं का?

आयटीआयच्या मुलांसाठी लेथवरच्या नोट्स मराठीत करतेय. बोरिंगच्या (भोक आतून कापून मोठं करण्याच्या) प्रकरणात 'चॅटर' आलं तिथे मी सगळीकडे 'कंपन' घातलं, तर तपासणाऱ्या सरांनी सगळी 'कंपनं' खोडून पाठवली. कोशात चॅटर म्हणजे बडबड, नाहीतर थंडीनं दात वाजणं. शॉपफ्लोअरवर नेमकं काय म्हणता तुम्ही लोक?

प्रतिसाद १
सरांनी बरोबर केलं ताई. मी डिचोलीला टर्नर आहे, बार्ज नि ट्रॉलरची कामं जास्त. आमच्यात कोण 'कंपन' म्हणत नाही, कोकणीत 'बार (टूल धरणारा दांडा) कांपता' म्हणतील नाहीतर सरळ 'टूल ओरडतंय'. आणि बोअरमध्ये बोट घातल्यावर ज्या बारीक बारीक लाटा लागतात त्याला 'नक्षी पडली'. कंपन तर मशीनला नेहमीच असतं, पट्टा खराब असला, चकमधला (लेथच्या पकडीतला) जॉब एका बाजूला जड असला तरी थरथरतं आणि ते कट न घेताही थरथरतं. चॅटर तसं नाही, कट सोडला की गप्प. टूलनं एका फेऱ्यात लाट सोडली की पुढच्या फेऱ्यात तेच टूल त्या लाटेवरून जातं, चिप कधी जाड कधी पातळ निघते, टूलवरचा जोर तसाच कमीजास्त होतो आणि थरथर स्वतःच स्वतःला वाढवत नेते. म्हणून दोन शब्द वेगळे पाहिजेतच, कारण इलाज वेगळे. मुलगा 'कंपन' वाचून फाउंडेशनचे बोल्ट आवळत बसेल आणि दोष असणार बारमध्ये.

गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, ट्रॉलरच्या शाफ्टचा गनमेटल बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आला होता, लांबी 120 मिमी, भोक 45. मी आळस केला आणि लावलेला 20 जाडीचाच बार ठेवला, पकडीच्या बाहेर 125, म्हणजे जाडीच्या सहापटीच्या वर. अशी किंकाळी की शेजारचा गॅरेजवाला बघायला आला. स्टीलच्या बारला जाडीच्या चौपटीपर्यंत बाहेर काढा, कार्बाइडचा असला तर साधारण सहापट. मग 32 चा बार लावला आणि तेवढंच 125 बाहेर ठेवलं, बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो म्हणजे साडेसहापट, आवाज तिथेच बंद.

प्रतिसाद २
'थरथर' घ्या की मग. आणि खुणांना 'तरंग' चालेल?

प्रतिसाद १
थरथर चांगला, पण थंडीतलीही थरथरच, म्हणून 'टूलची थरथर' असं जोडून लिहा. तरंग नको, आमच्या पेडण्याच्या पोरांना तरंग म्हटलं की दसऱ्याचे देवाचे तरंग आठवणार. 'लाटांच्या खुणा' लिहा.
आणि नोट्समध्ये हेही येऊ दे: बार जाड लावायला जागा नसेल तर आत ढकला, 100 बाहेर असेल ते 80 केलं तरी वाकणं निम्म्यावर येतं, लांबीच्या घनाचा हिशोब आहे. इन्सर्टचा (टूलच्या बदलायच्या पात्याचा) नोज, म्हणजे टोकाची गोलाई, 0.8 मिमीची असेल तर 0.4 ची घ्या, रेक (चिप सरकते त्या बाजूचा कल) पॉझिटिव्ह, आणि कटाची खोली नोजपेक्षा जास्त घ्या. अगदी बारीक कट घेतला की टूल कापत नाही, घासतं, आणि ओरडायला लागतं, ही चूक नवीन पोरं रोज करतात. स्पीड कमी करून फीड (एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर) वाढवा, कधी कधी स्पीड थोडं वाढवलं तरी बंद होतं कारण लाटांचा मेळ मोडतो. टूलचं टोक सेंटरच्या किंचित वर ठेवा, बार लोडखाली खाली दबतो आणि बोअरमध्ये दबला की टूलची खालची बाजू घासते.

लेखिका
वाक्य असं केलंय: "चॅटर म्हणजे कट घेताना टूलची वाढत जाणारी थरथर, कट सोडल्यावर ती थांबते आणि भोकात लाटांच्या खुणा राहतात." शब्द चॅटरच ठेवते, अर्थ एकदाच सांगते. 'टूल ओरडतंय' कंसात घालू का?

प्रतिसाद १
घाला, पोरं तेच ऐकणार आहेत शॉपमध्ये.