मदत हवी आहे: टीव्ही नेटला न जोडता घरातच मीडिया सेंटर (देवगड, खाडीजवळचं घर)

खाडीकाठ

घर देवगड तालुक्यात, खाडीपासून दोनेकशे मीटरवर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. माजघरात ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे आणि मागच्या खोलीत ३२ इंची साधा एलईडी, एचडीएमआय असलेला. फायबरचं कनेक्शन आहे, पण पावसात भरवशाचं नाही.

जुनी नाटकं नि सिनेमे मिळून साधारण १२० व्हीसीडी आणि ६० डीव्हीडी आहेत. त्या एकदाच हार्ड डिस्कवर घेऊन दोन्ही टीव्हींवर बघायच्या आहेत. गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्या फोनवरही चालायला हव्यात. स्मार्ट टीव्ही नेटपासून तोडायचा आहे. बजेट ३० हजार, टीव्ही सोडून.

प्रश्न असे:
१. रास्पबेरी पाय (एका पाटीवरचा छोटा, स्वस्त संगणक) घ्यावा की मिनी पीसी?
२. डिस्क किती मोठी लागेल?
३. घरात ८० च्या पुढचे आजोबा आहेत. टीव्हीचा एकच रिमोट पुरला पाहिजे.
४. वीज, वारा, खारी हवा यांचं काय करायचं? लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते. इन्व्हर्टर आहे.
५. फ्री डिशवरची सह्याद्री वाहिनी रेकॉर्ड करता येईल का?

जांभा

डिस्कचं गणित आधी, कारण तिथेच लोक उगाच पैसे घालवतात. व्हीसीडीत जास्तीत जास्त ८०० एमबी मावतं, म्हणजे १२० × ०.८ = ९६ जीबी. डीव्हीडी एका थराची ४.७ जीबी, दोन थरांची ८.५. सगळ्या दोन थरांच्या धरल्या तरी ५१० जीबी. एकूण झाले ६०६. तुम्हाला १ टीबी पुरते. ४ टीबीची एक घेण्याऐवजी १ टीबीच्या दोन घ्या. दुसरी प्रतीसाठी, आणि ती कायम जोडून ठेवायची नाही.

यंत्राबद्दल: एकच टीव्ही असता तर सर्व्हरची भानगडच नको म्हटलं असतं. रास्पबेरी पाय ४ (२ जीबी), त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे कोडी (टीव्हीवर फाइली बघायचं मोफत अॅप) चालवण्यापुरतीच बनवलेली लिनक्स, आणि यूएसबीला डिस्क. काम संपलं. पाय ५ च्या मागे लागू नका. त्यातून एच.२६४ (व्हिडिओ साठवायची रुळलेली पद्धत) वाचणारा हार्डवेअर डीकोडर काढून टाकलाय आणि त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर पुरतात. फोनचा चार्जर लावू नका. व्होल्टेज पडलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि पहिली गचकते ती यूएसबी डिस्क.

आजोबांच्या रिमोटचं उत्तरही पायमध्येच आहे. त्याला एचडीएमआय-सीईसी आहे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटचे बाण, ओके आणि बॅक कोडीत चालतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. केबल पायच्या एचडीएमआय-० ला लावा, पॉवरच्या शेजारच्या खाचेत.

सुरंगी

जांभा, दोन टीव्ही आणि वर पाहुण्यांचे फोन म्हटल्यावर सर्व्हर हवाच. व्हीसीडीचा व्हिडिओ एमपेग-१ या पद्धतीचा, डीव्हीडीचा एमपेग-२ चा. कोडी दोन्ही मुकाट्याने वाजवतो, पण फोनचा ब्राउझर वाजवत नाही. मध्ये कुणीतरी ते एच.२६४ करून द्यायला लागतं, आणि हे काम पायला झेपत नाही.

इंटेल एन१०० चा मिनी पीसी घ्या, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. पंखा नसलेला मिळाला तर उत्तम, कारण पंखा खारी हवा थेट बोर्डावर ओढतो. त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि जेलीफिन (घरातल्या फाइली टीव्ही-फोनना पुरवणारा मोफत सर्व्हर). जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये क्विक सिंक (इंटेल चिपमधली व्हिडिओ रूपांतराची सोय) चालू करा आणि जेलीफिनचा यूजर रेंडर ग्रुपमध्ये घाला, म्हणजे त्याला ती सोय वापरायची परवानगी मिळते. क्विक सिंक राहिलं तर रूपांतर सगळं प्रोसेसरवर पडतं, आणि ग्रुप राहिला तर व्हिडिओ सुरूच होत नाही. दुसऱ्या खोलीतून बघायचं तर घरच्या नेटवर्कवर सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट ८०९६. त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही, फायबर तुटलेलं असतानाही घरात सगळं चालू राहतं. ८०९६ मात्र राउटरमधून बाहेर उघडू नका.

बहुतेक मिनी पीसींना सीईसी नसते. म्हणून टीव्हीजवळ जांभा म्हणतात तो पाय ठेवा आणि कोडीला जेलीफिनशी जोडणारं जेलीकॉन अॅडऑन टाका. माजघरात अर्ध्यावर सोडलेलं नाटक मागच्या खोलीत तिथूनच पुढे सुरू होतं. पाय, मिनी पीसी, डिस्का मिळून ३० हजार पुरतील की नाही हे दुकानात कळेल. न पुरल्यास दुसरा पाय नंतर घ्या.

नेटपासून तोडण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एचडीएमआयवरून आलेलं चित्रसुद्धा स्मार्ट टीव्ही ओळखू शकतो आणि तुम्ही काय बघता ते नेटवरून कळवू शकतो. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीच्या संचांवर हे तपासून दाखवलं. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीने याच प्रकाराबद्दल २२ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. तेव्हा पाय लावला पण टीव्हीचं वायफाय तसंच ठेवलं, तर पाळत होती तिथेच आहे. टीव्ही फॅक्टरी रीसेट करा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये नेटवर्कची पायरी सोडून द्या. शिवाय राउटरमध्ये त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) अडवा, नाहीतर एखादा भाचा 'मामा, याचं वायफाय बंद पडलंय' म्हणत परत जोडून देतो.

ओटीटीची आशा मात्र इथे ठेवू नका. वाइडवाइन एल-१ (नक्कल रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी) नसलेल्या यंत्रावर बहुतेक सेवा कमी दर्जाचंच चित्र देतात.

वायरमन_भाऊ

वरचं सगळं बरोबर, पण कोकणात पहिलं मरतं ते पॉवरवर. मल्टिमीटर आहे का? नसेल तर आणा. एसी व्होल्टवर ठेवा आणि टीव्हीच्या सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. घरातला पंप किंवा मिक्सर चालू असताना घ्या. तीनही आकडे इथे टाका.

खाडीकाठ

फेज-न्यूट्रल १९८, फेज-अर्थ २०९, न्यूट्रल-अर्थ ११. पंप चालू होता.

वायरमन_भाऊ

१९८ ची काळजी नाही. पाय नि मिनी पीसीचे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, वेगळा स्टॅबिलायझर नको. ११ मात्र वाईट. इथे २-३ च्या वर जाऊ नये. एकतर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे, नाहीतर अर्थिंग नावालाच आहे. मेन बोर्डातले न्यूट्रलचे स्क्रू बघायला लावा. खाऱ्या हवेत पितळी पट्टीवर हिरवट चढतं आणि तार नुसती टेकलेली राहते. हे काम परवानाधारक वायरमनकडून मेन बंद करूनच. न्यूट्रल पूर्ण सुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, म्हणून अंडर-ओव्हर व्होल्टेज कटऑफ बोर्डातच बसवून घ्या. सगळ्या घराला एकच पुरतो.

अर्थिंगचा खड्डा चिऱ्याच्या कोरड्या पडवीत असेल तर मे महिन्यात तो काहीच वाहून नेत नाही. जांभा दगड सुकला की विजेला वाट देत नाही. न्हाणीचं पाणी जातं तिथे, माडाच्या आळ्यालगत, अडीच मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड घाला. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खारपट जमिनीत लवकर गंजतो. स्पाइक गार्ड नंतर आणा. अर्थ नसेल तर त्याला जादाचा दाब ढकलायला जागाच नाही.

वळवाचा किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढायचे. नुसता बटणाने बंद करू नका, सॉकेटमधून काढा. लॅन केबल आणि डिशची केबलसुद्धा काढा. वीज यांच्यातूनही आत येते. फायबरमधून करंट येत नाही, पण तिला आधार म्हणून ओढलेली स्टीलची तार आणते. ती बाहेर भिंतीच्या हुकालाच संपली पाहिजे, आत राउटरपर्यंत नको.

इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर त्यावर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी मिनी पीसी रीस्टार्ट होतो. त्याच्या बायॉसमध्ये 'पॉवर परत आल्यावर चालू हो' हा पर्याय निवडा. २४ तास चालू राहिला तरी सरासरी १० वॉट धरा, महिन्याला ७ युनिटच्या आसपास. पावसाळ्यात बंद ठेवून जपण्यापेक्षा चालू ठेवलेला बरा. कोमट यंत्रावर दव धरत नाही.

जांभा

भाऊंच्या शेवटच्या वाक्याला +१. जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, ती पावसात ओल धरते. मागे दोन-तीन इंच हवा खेळती ठेवा. एचडीएमआयच्या टोकावर पांढरी भुकटी दिसली तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा आणि सुकल्यावर दोन-तीनदा घाला-काढा. चित्र मधेच काळं होऊन परत येतं, त्यात दर वेळी पाय बिघडलेला नसतो. आधी केबल बघा. खोबरेल तेल नको, मुंग्या येतात.

दोन खोल्यांत वायफायवर विसंबू नका, चिऱ्याची जाड भिंत सिग्नल खाते. कॅट-६ केबल ओढा आणि घेताना शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातल्या केबलला तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत अॅल्युमिनियम. टोकाशी ते इथल्या हवेत पांढरं पडून तुटतं. माळ्यावरून नेताना २० मिमीच्या पीव्हीसी पाइपातून न्या, उंदरांचा विचार करून. वेगळ्या गोठ्यात किंवा खोपटात न्यायची असेल तर तांब्याची केबल नकोच, मध्ये फायबर घाला.

सुरंगी

फ्री डिशचं राहिलं. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला. डीव्हीबी-एस२ चा (डिशचा सिग्नल घेणारा) यूएसबी ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर खुल्या वाहिन्या रेकॉर्ड होतात. ट्यूनर लिनक्सला चालतो का हे घेण्याआधी बघा. एलएनबी (डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा भाग) ९७५०/१०६०० निवडा. जुन्या सेट टॉप बॉक्सची केबल साध्या स्प्लिटरने फोडू नका. बॉक्स आणि ट्यूनर एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट द्यायला लागले, तर वाहिन्या आळीपाळीने गायब होतात. दोन तोंडांची एलएनबी लावा. मुसळधार पावसात सिग्नल जाणारच, त्याला इलाज नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. न्यूट्रलचा स्क्रू खरंच ढिला निघाला, आता फरक ३ व्होल्ट येतोय. रॉडचं काम या आठवड्यात. मिनी पीसी आणि एक पाय आला. आता तीन अडचणी:
अ) डिस्क डेबियनमध्ये दिसते, पण जेलीफिनमध्ये तोच फोल्डर रिकामा.
आ) मराठी सबटायटलच्या जागी चौकोन.
इ) व्हीसीडीतली डॅट (व्हिडिओची) फाइल कॉपी करताना 'इनपुट-आउटपुट एरर'. डीव्हीडी मात्र व्यवस्थित येतात.

सुरंगी

अ) डेस्कटॉपने आपोआप जोडलेली डिस्क तुमच्या यूजरच्या नावाने जोडली जाते. जेलीफिन वेगळा यूजर आहे, त्याला त्या वाटेवर पाऊल टाकता येत नाही. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-मांडणीत फॉरमॅट करा (लाइट जाण्याला हीच टिकते), एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडीने (डिस्कचा ओळखक्रमांक) एसआरव्ही या फोल्डरखाली कायमची जोडा आणि 'नोफेल' लिहायला विसरू नका. नाहीतर डिस्क काढलेल्या दिवशी मशीन सुरूच व्हायचं नाही.

आ) जेलीफिनच्या प्लेबॅक पानावर फॉलबॅक फॉन्टचा फोल्डर देता येतो, तिथे नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट टाका. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत सेव्ह केलेली हवी.

नावांबद्दलही आताच सांगते: दर नाटकाला स्वतंत्र फोल्डर, नावापुढे कंसात साल. दोन-तीन चकत्यांचं असेल तर फाइलींच्या शेवटी सीडी१, सीडी२ (इंग्रजी अक्षरांत), म्हणजे एकच म्हणून सलग चालतं. नाटकांची माहिती नेटवरून आपोआप आणू नका, भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं.

जांभा

इ) चकती खराब नाही, पद्धत चुकतेय. व्हीसीडीवरचे व्हिडिओचे सेक्टर साध्या फाइलसारखे नसतात: २०४८ ऐवजी २३२४ बाइटचे, चूक दुरुस्त करायची सोय काढून तिथेही चित्रच भरलेलं. लिनक्स त्यांना साधी फाइल समजून वाचायला जातो आणि अडतो. व्हीसीडीइमेजर बसवा, त्यातला व्हीसीडीएक्सरिप सरळ एमपीजी काढून देतो. पुन्हा एन्कोड करू नका. मुळात चित्र ३५२ × २८८, त्यात आणखी काय पिळणार? डीव्हीडी लहान करायच्या असतील तर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (चित्रातल्या आडव्या रेघा काढणं) चालू, दर्जा आरएफ २०. पण १ टीबी आहे, तशाच ठेवा.

खाडीकाठ

व्हीसीडीएक्सरिपने पहिली चकती पूर्ण आली. काही चकत्यांवर बुरशीसारखे डाग आहेत, त्यांचं काय?

जांभा

डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबर, मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल फिरवू नका, गोल ओरखडा पडला तर लेझर त्याच रेषेत अडकतो. नंतर लेबलची बाजू दिव्याकडे धरून बघा. प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तिथली चांदी (चंदेरी थर) उडालीय, तेवढा भाग गेला.

खाडीकाठ

बघितल्या. नऊ चकत्यांत ठिपके आहेत. त्या सगळ्यात शेवटी घेतो.

जांभा

शेवटी नको, आधी त्याच घ्या. ठिपके या पावसात वाढतील, बाकीच्या चकत्या थांबतील. ड्राइव्हचा वेग ४एक्सवर आणा, आणि एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर लावून बघा. जिची चांदी कडेला गेलीय ती बहुतेक वेळा शेवटच्या प्रवेशापर्यंत येते, कारण चकती आतून बाहेर वाचली जाते.